आगोटीआधी करून ठेवा चूल-बंबाचं पेटवण

गावच्या घरात गॅस आला, गीझर आला, तरी न्हाणीतला पाणी तापवायचा बंब आणि मागच्या पडवीतली चूल सुटत नाही. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि वाडीत सरपण नुसतं पडून असतं. शहरातून नुकतं राहायला आलेलं माणूस मात्र पहिल्याच आठवड्यात अडतं. लाकूड काही पेटत नाही. काड्यापेटी रिकामी होते, धुरानं डोळे चुरचुरतात, आणि मग शेजारचं कुणीतरी येऊन दुधाची रिकामी पिशवी किंवा तुटक्या स्लीपरचा तुकडा पेटवून आत टाकतं. पेटतं, नाही असं नाही. पूर्वी हे काम रॉकेलचा बोळा करायचा. रेशनचं रॉकेल दुर्मीळ झालं आणि त्याची जागा प्लास्टिकनं घेतली.

ही सवय लागायच्या आधीच मोडावी म्हणून हे लिहितोय. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून असं पेटवण करता येतं, की एक काडी ओढली की काम भागतं. मे महिन्यात पापड-कुरडया वाळत असतात, त्याच उन्हात आणि त्याच दिवसांत हेही करून डब्यात भरून ठेवायचं. कोकणातल्या घरात आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या, बेगमीत मीठ-मसाल्याबरोबर सरपणही भरतात. त्या यादीत ही एक ओळ वाढवायची, बस.

आधी थोडं समजून घ्या

जाडं लाकूड थेट पेटत नाही. ते तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू जळतात. लाकूड ओलं असेल तर सगळी ऊब आतलं पाणी उडवण्यातच खर्च होते, वायू सुटतच नाहीत, नुसता धूर. म्हणजे पेटवणाकडून भडका नको आहे. तळहाताएवढी ज्योत एका जागी आठ-दहा मिनिटं टिकायला हवी. वर्तमानपत्राचा बोळा जाळ चांगला देतो, पण अर्ध्या मिनिटात राख. तेवढ्यात अंगठ्याएवढी काटकीसुद्धा धड तापत नाही.

मेणाचं उलट आहे. मेणाच्या गोळ्याला काडी लावली तर ते वितळून वाहून जाईल. मेणबत्ती जळते ती वातीमुळे. वात मेण शोषून वर नेते, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ पेटते. घरगुती पेटवणाचं सगळं गणित एवढंच: एक शोषणारी वस्तू आणि एक सावकाश जळणारी. शोषणारं म्हणजे काथ्या, भुसा, पुठ्ठा, सुती चिंधी. जळणारं म्हणजे मेण किंवा तेल. हे कळलं की कृती पाठ करावी लागत नाही, हाताशी असेल त्यातून जुळवता येतं.

घरात काय शोधायचं

शोषणाऱ्या वस्तूंत माझा पहिला मान नारळाच्या शेंडीला. नारळ फोडण्याआधी आपण ती सोलून कचऱ्यात टाकतो, आणि तिच्याइतकं सुटसुटीत, हवा खेळणारं, फुकटचं पेटवण दुसरं नाही. कोकणात सोडणांचा, म्हणजे नारळाच्या वरच्या सालांचा, ढीगच असतो, पण पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातूनही आठवड्याला एक-दोन शेंड्या निघतातच. गावी जाताना पिशवीत घालून न्या.

मग अंड्यांचे ट्रे. कागदाच्या लगद्याचे, राखाडी रंगाचे, तीस अंड्यांचे असतात ते. किराणावाला किंवा अंडीवाला फुकट देतो. फक्त पारदर्शक प्लास्टिकचे घेऊ नका. सुताराकडचा भुसा आणि रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या साली याही हव्यात, पण आणताना विचारून घ्या की भुसा कशाचा आहे. साग, आंबा, फणस, शिवण कशाचाही चालेल. प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला भुसा नको, त्यात गोंदाची रसायनं असतात. आजकाल सुताराच्या दुकानात तोच जास्त निघतो, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा.

चिंधी सुतीच हवी. खात्री नसेल तर कापडाचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाशी कडक मणी होतो. जुनं धोतर, सुती साडी, बनियन, मलमलचं लंगोट, सगळं चालतं. बारदानाचे आणि सुतळीचे तुकडेही चांगले, पण गोणी तागाची असावी, पांढरी प्लास्टिकची नको.

जळणाऱ्या वस्तूंत मेणबत्तीचे बुडखे, दिवाळीतल्या मेणाच्या पणत्यांत उरलेलं मेण, आणि तळणीचं दोन-तीनदा वापरून काळं पडलेलं तेल. तूप कढवल्यावर उरणारी बेरीही जळते म्हणे. पण बेरी साखर घालून खायची असते, ती चुलीत घालणाऱ्याशी माझं जमणार नाही.

संत्र्या-मोसंबीच्या साली कडकडीत वाळवल्या तर छान पेटतात, कारण सालीत तेल असतं. विदर्भातल्या घरांत हिवाळ्यात त्यांना तोटा नाही. शेंगांची टरफलं, कांद्याचा पाला आणि लसणीची सालं पेटवणावर भुरभुरायला बरी, एकटी टिकत नाहीत. देशावर तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या असतील तर निम्मं काम झालंच. त्या पेटवणाच्या वरच्या थरासाठी राखून ठेवा.

मेणाच्या वड्या

हे सगळ्यात भरवशाचं पेटवण. पाऊस, ओल, वारा कशातही पेटतं. लागेल ते असं: अंड्यांच्या ट्रेच्या बारा वाट्या, साधारण पाव किलो मेण, दोन-तीन मुठी वाळका भुसा, बिस्किटांचा किंवा तुपाचा पत्र्याचा जुना डबा, आणि त्याच्याहून मोठं पातेलं.

1. ट्रे आणि भुसा दोन्ही एक दिवस कडक उन्हात ठेवा. भुसा दमट असेल तर मेण आत शिरत नाही.

2. ट्रे वर्तमानपत्रावर मांडा आणि प्रत्येक वाटी भुशानं पाऊण भरा. दाबू नका. दाबलेल्या भुशात हवा राहत नाही आणि वडी धुमसते. शेंडीचा काथ्या मोकळा करून भुशात मिसळला तर आणखी चांगलं.

3. पातेल्यात चार बोटं पाणी तापत ठेवा, त्यात तळाला एखादी जुनी ताटली उपडी घालून त्यावर मेणाचा डबा ठेवा. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, तेवढ्याला गरम पाणी पुरतं. डबा थेट गॅसवर कधीही ठेवायचा नाही. थेट आचेवर मेण तापत तापत अशा टप्प्याला जातं, की त्याची वाफच पेट घेते.

4. वितळलं की जुन्या वाती आणि त्यांच्या बुडाच्या पत्र्याच्या चकत्या चिमट्यानं काढा. डबा फडक्यानं धरून मेण प्रत्येक वाटीत सावकाश ओता, भुसा भिजेपर्यंत. तळं साचवू नका. वाटीची कड कोरडी राहू द्या, काडी तिथेच लावायची आहे.

5. तासाभरात घट्ट होतात. मग कात्रीनं एकेक वाटी सुटी करा.

मेण वितळताना स्वयंपाकघर सोडून जाऊ नका आणि लहान मुलांना आसपास येऊ देऊ नका. चुकून पेटलंच तर गॅस बंद करा आणि डब्यावर झाकण किंवा ताट सरकवा. पाणी ओतायचं नाही. पेटत्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबेल. डब्यातच थिजू द्या, पुढच्या वेळी कामी येईल.

अशी एक वडी साधारण दहा मिनिटं जळते. कोरड्या दिवसांत अर्धी पुरते. पावसाळ्याचे चार महिने रोज एक आच धरली तर एकशे वीस वड्या लागतील, आणि एवढं मेण कुणाच्या घरात निघणार नाही. म्हणून वड्या मुसळधार दिवसांसाठी ठेवायच्या. रोजच्याला खालचे प्रकार.

शेंडीचे बोळे

शेंडी हातानं पिंजून मोकळी करा, लिंबाएवढा सैल बोळा वळा आणि त्याच काथ्याची एक लांब शीर गुंडाळून बांधा. वाटीभर वितळलेल्या मेणात अर्धाच बुडवून काढा, उरलेला अर्धा कोरडा. कोरड्या बाजूला काडी लावली की ज्योत मेणाकडे सरकते. मेण नसेल तर तळणीच्या तेलाचे चमचाभर थेंब ऐन पेटवायच्या वेळी सोडा. मेण, तेल काहीच नसेल तरी नुसता सुका काथ्या दोन-तीन मिनिटं जळतो आणि नंतर बराच वेळ धुमसत राहतो. काटक्या बारीक असतील तर तेवढंही पुरतं.

चिंध्यांचे काकडे

सुती चिंधीची वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी फाडा, घट्ट पीळ द्या, दुमडा, पुन्हा पीळ बसू द्या. देवळातल्या काकड्यासारखाच प्रकार, फक्त आखूड. वापरायच्या आधी पाच मिनिटं तळणीच्या तेलात भिजवून निथळून घ्यायचा.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. जवस, करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना ऊब सोडतात. एका पट्टीतली ऊब उडून जाते, पण ढिगाच्या पोटातली अडकून वाढत राहते. जवसाच्या तेलात हे सर्वांत जास्त, खोबरेलात फारच कमी. म्हणून काकडे कोरडे साठवा, तेल ऐनवेळी लावा. आधीच भिजवायचेच असतील तर दोन-चारच, आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उन्हात किंवा चुलीच्या कट्ट्यावर नाही.

कागदाच्या कांड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्तमानपत्राचं एक पान तिरकं गुंडाळून घट्ट कांडी करा आणि मधोमध गाठ मारा. सैल बोळ्यापेक्षा ती बरीच जास्त वेळ जळते. चकचकीत पुरवण्या आणि लग्नपत्रिका नकोत, धूरच जास्त. कापूर पेटतो झटकन, संपतोही झटकन, आणि महाग. काडीच्या जागी चिमूटभर वापरावा, पेटवण म्हणून नव्हे. शिवाय तो मुलांच्या हाताला लागू नये, पोटात गेला तर विषारी असतो.

बंब पेटवताना

आधी पाणी. बंबात पाणी भरलंय का ते तोटी सोडून बघा, अंदाजानं नको. कोरड्या बंबाखाली जाळ केला तर सांध्यांचा डाक वितळतो आणि तांब्याचा चांगला बंब गळका होतो. मग कालची राख काढा. जाळीची भोकं बुजलेली असली की खालून हवा येत नाही, आणि हवा नसेल तर जगातलं कुठलंही पेटवण उपयोगाचं नाही. नवख्यांच्या दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

आता जाळीवर मधोमध एक वडी किंवा बोळा ठेवा. त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या रचा, मधे फट ठेवून. नारळाच्या झावळीचे तुकडे, वाळलेली पोय, तुराटी, बांबूच्या कांबी, काहीही. त्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन-तीन ढलप्या. मोठं लाकूड अजून आत घालायचं नाही.

पेटवण्याआधी एक युक्ती. बंबाची मधली नळी रात्रभरात गार झालेली असते. गार हवा जड, ती खाली दाबते आणि सुरुवातीचा सगळा धूर तोंडाकडे फेकते. म्हणून कागदाची एक कांडी पेटवून नळीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला पाव मिनिट धरा. नळी ऊबदार झाली की हवा वर ओढू लागते, ज्योत वाकते त्यावरून कळतं. मग ती कांडी खाली वडीला लावा.

पाचेक मिनिटं हात आवरा. ही पाच मिनिटं कठीण जातात, माणसाला फुंकायचा, ढोसायचा मोह होतो. काटक्या लाल होऊन खाली बसायला लागल्या की करवंटीचे दोन तुकडे आणि मग मनगटाएवढं लाकूड घाला. करवंटीचा जाळ कडक असतो, लाकूड धरेपर्यंत ती सांभाळून घेते.

चुलीत रचना थोडी वेगळी. तळाला दोन बोटं राख राहू द्या, ती ऊब धरून ठेवते. पेटवण चुलीच्या तोंडाशी नको, आत भांड्याच्या बुडाखाली ठेवा. लाकडांची टोकं त्यावर टेकवा, पण पेटवण दाबून टाकू नका. फुंकणी ज्योत धरल्यावर हातात घ्यायची. आधी फुंकलं तर राख उडते आणि इवलीशी ज्योत विझते. वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवर, काही शिजवायचं असेल तर मुख्य जाळ नीट बसल्यावरच भांडं चढवा.

चुलीत काय जाता कामा नये

प्लास्टिक का नको, तर धुराचा वास हे एकच कारण नाही. दुधाची पिशवी वितळून जाळीवर ठिबकते, काजळी नळीत चिकट होऊन बसते आणि वर्षभरात बंबाची ओढ कमी होते. पाईप, वायरीचं वेष्टन, रेक्झिन, जुन्या चपला यांत बहुधा पीव्हीसी असतं. त्यात क्लोरीन आहे, आणि ते जळताना आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. राहिली राख. आपल्याकडे चुलीची राख फुकट जात नाही. अळवाच्या बुडाशी घालतात, भांडी घासतात, वाल-कुळीथ साठवताना किडीसाठी चोळतात. जे पेटवायला घालाल ते राखेतून ताटापर्यंत येतं. दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्याला द्या, तो वजनावर घेतो.

रंग दिलेलं लाकूड, पॉलिशचं जुनं फर्निचर, वाळवीचं औषध मारलेले वासे हेही नकोत. कोकणात काजूची टरफलं भरपूर मिळतात आणि ती भडकतातही जोरात, पण टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि त्याचा धूर घशा-डोळ्यांना झोंबतो. बंद न्हाणीत तर नकोच. आणि पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर ओतणं म्हणजे बाटलीसकट आग हातात घेणं.

न्हाणीची खिडकी उघडी ठेवा. थंडीत बंबातले किंवा शेगडीतले निखारे झोपायच्या बंद खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

साठवण आणि अडचणी

वड्या-बोळे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून चार हात लांब. मेणामुळे वडीला ओल लागत नाही, पण उंदीर लागतात, म्हणून प्लास्टिकची पिशवी पुरत नाही. कोरडा काथ्या आणि काकडे मात्र पावसात दमट होतात. ते चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत, पण ठिणगी पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा. रोज उद्याची काटकी आज चुलीशेजारी आणून ठेवायची सवय लावा.

वडी पूर्ण जळली आणि लाकूड तसंच राहिलं, तर दोष वडीचा नाही. लाकूड फोडून बघा. आतून गार लागलं, साल चिकटून बसलेली असली, दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणटण न वाजता धप्प आवाज आला, तर ते ओलं आहे. त्याचे आणखी बारीक फाटे करा आणि आठवडाभर चुलीशेजारी उभे करा. वडी नुसती धुमसत असेल तर भुसा दाबून भरलाय. ज्योत धरते आणि विझते असं होत असेल तर काटक्या जाड आहेत किंवा वर मोठं लाकूड लवकर ठेवलंय. काडीच पेटत नसेल तर काड्यापेटी सादळली आहे. ती झाकणाच्या बरणीत मूठभर भाजलेल्या तांदळांवर ठेवा, आणि तांदूळ महिन्याला बदला.